अर्धे रंगवलेले दगड

३ फेब्रुवारी

टिटवे,

आशीर्वाद आहेतच असं समज. दरवेळी लिहायला माझ्याकडे शाई उतू चाललेली नाही.

कशी आहेस म्हणून विचारलंस. एवढ्या मोठ्या छावणीत एकटी बाई कशी असेल? लष्कर गेलं ते पंखे घेऊन गेलं, दिवे घेऊन गेलं, परेडच्या मैदानातला झेंड्याचा खांबसुद्धा मुळासकट उपटून नेला. राहिलं ते धुलाईघर, त्यामागची माझी खोली आणि मी. आम्हाला उपटायला कोणाला सवड झाली नाही. तुझे आजोबा आणि मी मिळून या पोरांचे गणवेश धुतले, त्यांना इस्त्र्या केल्या, आणि जाताना एकाने वळून बघितलं नाही. बघायचं तरी कशाला, कपडे स्वच्छ होते.

फाटकावर आता मोठा फलक लावलाय. तुला माहीत आहे, मी वाचायला शिकले ती शिपायांच्या कॉलरवर शिवलेल्या नावांवरून, त्यामुळे लांब शब्द मला दमवतात. पण लावलं अक्षराला अक्षर. ‘ही जागा सरकारी शाळांसाठी राखीव.’ म्हणजे तुझी शाळा इथे येणार आणि मी इथून जाणार. छान.

सध्या एक पथक आलंय. लष्कराने जाताना नको असलेले जुने तोफगोळे जमिनीत पुरले म्हणे, ते शोधतायत. माझी रोजची सरळ पायवाट बंद केली. आता दगडांच्या मधून जायचं, आणि ते दगड कसे, तर दारू प्यालेल्याने मांडल्यासारखे. एक इकडे, एक तिकडे, उगाच वळसे. त्यातून प्रत्येक दगड अर्धा लाल, अर्धा पांढरा. रंगवता रंगवता जेवायची वेळ झाली असेल. मी विचारलं तर पथकाचा प्रमुख म्हणतो, “आजी, तुम्ही मधून चाला, बाकीचं आमच्यावर सोडा.” सोडलं.

तुझी आजी

११ फेब्रुवारी

आजी,

पाया पडते. तुझं पत्र मी मधल्या सुट्टीत वाचलं आणि इतकी हसले की शेजारच्या बाई घाबरल्या.

इथे आमची शाळा भरते त्या गोदामात तीच गत आहे. मागच्या मुलांना फळा दिसत नाही, ती पुढच्याच्या पाठीवर वही ठेवून लिहितात. मधे भिंत नाही, नुसता पडदा आहे. पलीकडच्या बाईंनी पाढे सुरू केले की माझी मुलं कविता सोडून पाढे म्हणायला लागतात. दुपारी पत्रा तापला की कोणी ना कोणी चक्कर येऊन पडतं. आम्ही त्याला दारापाशी नेऊन निजवतो आणि धडा पुढे चालू ठेवतो.

म्हणून तू रागावू नकोस. छावणीची जागा आम्हाला मिळाली आहे, पण तिला अट आहे. जूनमध्ये शाळा सुरू होईल त्या दिवशी तिथे निदान एक वर्ग भरलाच पाहिजे. नाही भरला तर आरक्षण उठणार आणि जागा गोदामवाल्या कंपनीला जाणार. तिला गोदामंच बांधायची आहेत. म्हणजे पुन्हा आम्ही गोदामातच, फक्त भाडेकरू म्हणून. तुझ्यासमोरची पहिली बराक आधी वर्गासाठी घेणार आहोत. शाळा भरली की तू माझ्याकडे राहायला ये. सासूबाईंनी तुझ्यासाठी खिडकीजवळची जागा रिकामी केली आहे.

पुढच्या सोमवारी शिक्षण खात्याचे मोठे साहेब तपासणीला येणार आहेत. त्यांच्या मनात भरलं पाहिजे. तुझं अंगण तेवढं आवरून ठेव. तुला हे सांगायला नको म्हणा.

टिटवी

१८ फेब्रुवारी, सोमवार, सकाळ

टिटवे,

तपासणी हा शब्द वाचला आणि माझी कंबर आपोआप ताठ झाली. छावणीत तपासणी म्हटली की झाडाच्या बुंध्यापासून नळाच्या कट्ट्यापर्यंत सगळ्याला चुना लागायचा. एकदा एक मांजर झोपलं होतं, ते नशिबाने जागं झालं.

पथकाला सुट्टी होती, फाटकावरचा रखवालदार पेपरात डोकं घालून बसला होता, मला कोणाची मदत नाही. तरी केलं. इस्त्रीच्या खोलीतली दोरी काढली, ताणली आणि ते सगळे वेडेवाकडे दगड उचलून एका ओळीत लावले. माझ्या दारापासून डांबरी रस्त्यापर्यंत एक ओळ, डांबरी रस्त्यापासून तुझ्या बराकीपर्यंत दुसरी. मग बादलीभर चुना कालवला आणि त्या अर्धवट रंगवलेल्या दगडांना पूर्ण पांढरं केलं. आता बघ, ओळ कशी आहे. सुईत दोरा ओवावा तशी.

साहेबाला सांग, पथकाने केलं. त्यांची नोकरी राहू दे.

विहीणबाईंना विचार, खिडकीजवळची जागा मला बाहेर बघायला दिली आहे की बाहेरच्यांना मला बघायला?

आजी

१८ फेब्रुवारी, संध्याकाळ

आजी,

हे पत्र कपडे वाळवायच्या तारेवरून पाठवते आहे. पथकाचा माणूस डांबरी रस्त्याला लागून असलेल्या बॉयलरच्या खोलीत उभा राहून कप्पी फिरवतो आहे. तुझ्या बाजूचा चिमटा काढ आणि नीट वाच. मग पुन्हा वाच.

ओट्यावरून पाऊल खाली टाकू नकोस. एकही नाही. कपडे उडाले तरी नाही, काही पडलं तरी नाही.

ते दगड अर्धवट रंगवलेले नव्हते, आजी. लाल बाजू म्हणजे तिकडे गोळे असू शकतात. पांढरी बाजू म्हणजे तिकडची जमीन तपासून झाली. आणि ते वळसे उगाच नव्हते, गोळे पुरलेल्या खड्ड्यांना टाळून काढलेले होते. तू दगड हलवलेस आणि रंगही पुसलास. प्रमुखांकडे नकाशा आहे पण ढोबळ. ते म्हणतात, दगड हीच खूण होती. जमीन अशी कडक की पावलं उमटत नाहीत. आता कुठली वाट होती ते कोणालाच सांगता येत नाही. साहेबांनी डांबरी रस्त्यावरूनच ती पांढरी ओळ बघितली आणि गाडीत जाऊन बसले.

तू त्या सगळ्यावरून वाकून चाललीस. मला विचारच करवत नाही.

पीठ, बटाटे, तेल, मीठ आणि चहा पिशवीतून पाठवते आहे. ओट्यावर तुझा नळ आहे हे बरं.

टिटवी

२० फेब्रुवारी

टिटवे,

दोनदा वाचलं. दुसऱ्यांदाही तेच लिहिलेलं होतं.

हे मला आधी कोणी का सांगितलं नाही? ‘बाकीचं आमच्यावर सोडा’ म्हणाला ना तो? म्हातारीला काय सांगायचं, ती आज ना उद्या जाणारच आहे. सांगायला एक वाक्य लागलं असतं. आता प्रत्येक वीत तपासत येणार आहेत.

कुठला दगड कुठे होता ते मला आठवत नाही. आठवतंय असं मी कधी म्हणाले तरी विश्वास ठेवू नकोस. मी दोरीकडे बघत होते.

ओटा चांगला आहे. इकडून चालायला लागलं की तिकडे पोचायच्या आत वळावं लागतं. प्रमुख काल रस्त्यावरून कर्ण्यातून ओरडत होता, “आजी, घाबरू नका!” मी त्याला ओरडून सांगितलं की घाबरायला हातपाय हलवायला जागा लागते. मग तो विचारत होता क्रेन आणली तर. मी काय पाण्याची टाकी आहे? आणि क्रेन उभी कुठे राहणार, हवेत?

एक मात्र झालं. विहीणबाईंच्या खिडकीत जाऊन बसायचं लांबलं.

आजी

१ मार्च

आजी,

तुझं शेवटचं वाक्य सासूबाईंनी वाचलं. पत्र टेबलावर राहिलं होतं, चूक माझी. त्यांनी उठून खिडकीजवळ पुन्हा कपाट सरकवलं.

मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण आता विचारते. तुला इथे यायचं नव्हतं, हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. तू उभं आयुष्य तिथे काढलंस. लाल रंगाचा अर्थ तुला खरंच कळला नाही? आगीच्या वाळूच्या बादल्या लाल, दारूगोळ्याच्या खोलीचं दार लाल, आणि दगड लाल दिसला तर तो नुसता अर्धवट राहिलेला?

शिक्षण खात्यात सगळे मला हेच विचारतात. “बाई, तुमच्या आजींनी मुद्दाम तर नाही ना केलं?” मी नाही म्हणते. पण म्हणताना खाली बघते.

टिटवी

२४ मार्च

आजी,

तू उत्तर दिलं नाहीस. पिशवी रिकामी होऊन परत येते, आत नुसता चिमटा असतो. प्रमुख म्हणतात, रोज सकाळी तू तारेवर चादर टाकतेस, म्हणजे ठीक आहेस. मी शाळेत जाताना डांबरी रस्त्यावर उतरते आणि चादर बघते. निळी पट्टी कुठल्या बाजूला आहे ते बघते. बाजू बदललेली असेल तर ती आजची.

मी जे लिहिलं ते परत घेता येत नाही. मी एवढंच सांगते की अंगण आवरून ठेव असं कोणी लिहिलं होतं, ते मी खात्यात कोणालाही सांगितलेलं नाही. माझं ते पत्र तुझ्याकडेच आहे. तू ते ओट्यावरून ओरडून वाचून दाखवलं असतंस तरी चाललं असतं. तू तेही केलं नाहीस.

रागाव, पण लिही.

टिटवी

२९ मार्च

टिटवे,

रागावले नव्हते. ताप आला होता. गेला. तापात चादर टाकायला उठायचा कंटाळा यायचा, पण टाकली. तुला मागाहून कळलेलं बरं, म्हणून लिहिलं नाही. तेव्हा लिहिलं असतं तर तू धावत आली असतीस, आणि धावायला जमीन कुठे आहे?

मुद्दाम केलं का, हे एकदाच सांगते. मला मुद्दाम करायचं असतं तर दार आतून लावून बसले असते. मी कशाला माझ्या कमरेचं वाटोळं करून दगड उचलू? लाल दिसला, कळला नाही. उभ्या जन्मात अर्धा रंगवलेला दगड मी बघितला नव्हता. आमच्याकडे वस्तू पूर्ण लाल असायची नाहीतर पूर्ण पांढरी. अर्धवट म्हणजे कोणीतरी मार खाणार.

आता ऐक. काल प्रमुख कर्णा घेऊन आला. माणूस वाईट नाही, बोलताना टोपी काढतो. त्याने सांगितलं की पथक मे महिन्याच्या शेवटी दुसरीकडे जाणार, आणि परत कधी येणार ते त्यालाही माहीत नाही. तेवढ्यात एकच वाट होईल. एकतर रस्त्यापासून माझ्या ओट्यापर्यंत, नाहीतर रस्त्यापासून तुझ्या बराकीपर्यंत. नियम असा की माणूस अडकलेला असेल तर आधी माणूस. मी विचारलं, “आणि शाळा?” त्याने कर्णा या हातातून त्या हातात घेतला. कर्णा चालू होता, त्यामुळे त्याची खरखरसुद्धा मला ऐकू आली.

मग म्हणाला, “मास्तरीणबाईंनी सांगितलंय, आधी आजी.”

हे तू मला लिहिलं नाहीस. चादरीची पट्टी लिहिलीस आणि हे नाही.

आजी

२ एप्रिल

आजी,

होय, मी सांगितलं. मुख्याध्यापकांना न विचारता सांगितलं. त्यांना कळलं तेव्हा ते म्हणाले, “बाई, तुम्हाला एक आजी आहे, मला अख्खी शाळा आहे.” मी म्हटलं, नियम तुम्ही केलेला नाही आणि मीही नाही. ते खुर्चीतून उठून खिडकीकडे निघाले, आणि गोदामाला खिडकी नाही हे आठवून परत आले.

वर्गात गेले तर पुन्हा एक मुलगी दारापाशी निजवलेली होती. तिने डोळे उघडून मला विचारलं, “बाई, जूनमध्ये ना?” मी हो म्हटलं. तोंडावर खोटं बोलले आणि फळ्याकडे वळले.

पण मी माझं सांगणं बदलणार नाही. तुला ताप आला होता हे मला आज कळतंय. पुन्हा आला तर? तार पीठ आणते, डॉक्टर आणत नाही. काम परवा सुरू होतं आहे, तुझ्या बाजूने. सामान बांध.

टिटवी

५ एप्रिल

टिटवे,

सामान बांधलं नाही. मोलकरणीला बजावतात तसं मला बजावू नकोस.

काल प्रमुखाला मी बोलावलं. चादर फडकवली, तो आला. मी म्हटलं, “कर्णा मला दे.” तो म्हणाला, “आजी, तो तारेवरून कसा देऊ?” मी म्हटलं, “बटाटे येतात, कर्णा येत नाही?” आला. जड असतो मेला. मी त्यातून सांगितलं, रस्त्यावर रखवालदार होता, पथकाची पोरं होती, खात्याचा एक कारकून छत्री धरून उभा होता, सगळ्यांनी ऐकलं. मी अडकलेली नाही. मी माझ्या घरात बसले आहे. घरात बसलेल्या बाईला बाहेर काढायचा नियम असेल तर दाखवा. आधी बराक करा. मग सवड झाली तर या, चहा ठेवते.

कारकून म्हणाला, “आजी, पुन्हा एकदा बोला, लिहून घेतो.” मी म्हटलं, मी धुलाईघरात वाढले, एकदा धुतलेलं पुन्हा धुवायला टाकत नाही.

प्रमुखाने टोपी काढली. काम बराकीच्या बाजूने सुरू झालंय, मला ओट्यावरून दिसतं.

तू आता चिडशील. चीड. त्यागबिग म्हणून कोणाला सांगत फिरू नकोस, मला उलटी येईल. तुझ्या घरी खिडकीजवळ कपाट आहे, इथे खिडकीजवळ कपाट नाही. आणि सवय आहे मला. लष्कर होतं तेव्हाही पास असल्याशिवाय फाटकाबाहेर जाता यायचं नाही. तुझ्या आईच्या बाळंतपणाला मी पोचले तेव्हा तू रडून रडून गप्प झाली होतीस. पास उशिरा मिळाला. तेव्हा कोणी कर्णा घेऊन आलं नव्हतं.

खोटं बोललीस ना त्या मुलीशी? आता ते खरं कर.

आजी

१७ जून

आजी,

शाळा भरली.

तू बघितलंसच, पण तरी लिहिते. रस्त्यापासून बराकीपर्यंत वाट झाली आहे, एका वेळी एक मूल जाईल एवढी. दोन्ही बाजूंना दगड, आतून पांढरे, बाहेरून लाल. वर्गात पोचायच्या आत पहिला धडा तिथेच घेतला. अक्षरं नाहीत, पाढे नाहीत. प्रत्येकाने दगडापाशी उभं राहून सांगायचं, कुठे पाय ठेवायचा आणि कुठे नाही. सगळ्यांनी सांगितलं तेव्हा आत सोडलं. खात्याच्या साहेबांनी लांबून फोटो काढला. आरक्षण कायम झालं.

बराकीत खिडक्या आहेत, आजी. मुलं तासभर नुसती खिडकीतून बघत होती. त्यांनी तुला बघितलं. एकाने विचारलं, “त्या आजी तिकडे का राहतात?” मी म्हटलं, त्यांचं घर आहे. दुसरा म्हणाला, “मग त्या इकडे येत का नाहीत?” मी पुस्तक उघडायला सांगितलं.

पथक गेलं, तारेची कप्पी आता मीच फिरवते. मी रोज अर्ज करते. ते म्हणतात, पुढच्या वर्षी बहुतेक. मी फळ्यावर लिहीत असते तेव्हा माझी पाठ तुझ्याकडे असते, आणि ती जळत असते. तुझी चादर इतकी जवळ आहे की पट्टीतला उसवलेला दोरा दिसतो.

सासूबाईंनी तुझ्यासाठी शाल पाठवली आहे. कपाट पुन्हा सरकवलं आहे. त्या म्हणाल्या, सांगू नको, म्हणून सांगते.

टिटवी

२१ जून

टिटवे,

शाल पोचली. विहीणबाईंची आवड चांगली आहे, हे मी लिहिलं असं त्यांना सांगू नकोस.

तुझी पोरं बघितली. एकामागे एक, खाली मान घालून. कवायतीला असे शिपाई मिळाले असते तर कप्तानाने पेढे वाटले असते. मधल्या सुट्टीत बाहेर सोडत नाहीस, ते बरोबर. आवाज मात्र सगळा इकडे येतो. दुपारी पाढे म्हणतात तेव्हा मी पण म्हणते. बाराच्या पाढ्याला मी मागे पडते.

वाटेवरचा एक दगड जरा ओळीबाहेर लावलाय. बराकीच्या पायरीपासून सुरू केलं की डावीकडचा तिसरा. ओट्यावरून नुसतं बघते आणि हात शिवशिवतात. राहू दे तो तसाच. कोणाला सरळ करू देऊ नकोस, अगदी तपासणी असली तरी.

आणि एक काम. तू माझी चादर बघतेस ना रोज, तर हे नीट ठरवून ठेव. एखाद्या सकाळी चादर नसेल. असं होणारच, माझं वय काही उलटं चाललेलं नाही. त्या सकाळी तू तुझ्या बराकीतून इकडे पळत सुटायचं नाहीस. आपल्या मधे सगळी जमीन पांढऱ्या दगडांची आहे, आणि त्यातला एकही दगड खरं बोलत नाही. ती माझी करणी. तू खिडक्यांची दारं लावून घ्यायची, मुलांना फळ्याकडे तोंड करून बसवायचं आणि हजेरी घ्यायची. पथक येईल तेव्हा येईल. मला घाई नसेल.

पुढच्या वेळी पिशवीत साबण टाक. मागचा वास मारतो.

आजी